कूलर चालू होता

दुसऱ्याच्या घराचं दार वाजवायची मला फार भीती वाटते. आमच्या गावात तसा प्रसंगच यायचा नाही. दारं दिवसभर उघडी असायची आणि ओट्यावर पाय ठेवता ठेवता "काकू, आहे का वं घरी?" असं ओरडलं की आत जाता यायचं. नागपूरला कॉलेजात आले, हॉस्टेलवर राहू लागले, तेव्हा पाहिलं की इथं दाराबाहेर आणखी एक लोखंडी जाळीचं दार असतं आणि आतलं माणूस आधी तुमच्याकडे वरून खाली बघतं आणि मगच बोलतं. त्या बघण्याच्या वेळात माझ्या तोंडचे शब्द पळून जायचे. मैत्रिणीच्या घरी जायचं असलं तरी मी खालूनच फोन करायची आणि ती बाहेर येईपर्यंत रस्त्यावर उभी राहायची.

म्हणून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला समाजसेवेचा एक विषय सगळ्यांना घ्यावाच लागेल असं कळलं, तेव्हा मी झाडं लावायच्या गटात नाव द्यायला पळाले. तो गट भरला होता. वस्तीतल्या मुलांना शिकवायचा गटही भरला होता. उरला होता फक्त एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना उन्हाळाभर जाऊन भेटायचा गट. आमची परीक्षा उन्हाळ्यातच असते, त्यामुळे पेपरांच्या मधल्या दिवसांत भर दुपारी कोण जाणार म्हणून तो कुणी घेतला नव्हता. मी घेतला, म्हणजे माझ्या वाट्याला आला.

त्या गटात माझ्याबरोबर माझ्या वर्गातली एक मुलगी होती. लकडगंजची. तिच्या वडिलांचं लाकडाचं दुकान. घरी मराठी, दुकानात हिंदी आणि आमच्याशी बोलताना दोन्हींची खिचडी. तिला कशाचीच भीती वाटत नसे. तोंडाला दुपट्टा बांधून ती लकडगंजच्या ट्रकांमधून स्कूटी काढायची आणि मागे बसलेली मी डोळे मिटून घ्यायची.

आधी महिनाभर आम्हाला शिकवलं. हा विषय ज्यांच्याकडे होता त्या मॅडम शांत स्वभावाच्या होत्या, पण सोडून देणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आम्हाला वर्गाचं दार लावून घ्यायला लावलं. एकीने आत म्हातारं माणूस होऊन बसायचं, दुसरीने बाहेरून दार वाजवायचं, आपण कोण ते सांगायचं, आत घेतलं तर जायचं, नाही घेतलं तर दारातूनच विचारपूस करायची. माझी पाळी आली तेव्हा मी इतकं हळू वाजवलं की आत बसलेल्या मुलीला ऐकूच गेलं नाही. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुन्हा. आतल्या माणसाला कमी ऐकू येतं असं समज." मी पुन्हा वाजवलं. त्यांनी पुन्हा वाजवायला लावलं.

मग उन्हाबद्दल सांगितलं. ऊन लागलेल्या माणसाचा घाम थांबतो, अंग कोरडं आणि गरम होतं, बोलणं भरकटतं. अशा माणसाला सावलीत आणायचं, कपडे सैल करायचे, मानेला, काखेत ओली फडकी लावायची, शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. हे मला चटकन पाठ झालं. शेवटी कॉलेजचं लाईटचं काम बघणारे गृहस्थ कूलरबद्दल बोलायला आले. ते म्हणाले, पोरींनो, ऊन दिसतं, कूलरमधला करंट दिसत नाही. पाणी भरायच्या आधी बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. पायात चप्पल पाहिजे. आणि कूलरजवळ कुणी पडलेलं दिसलं, तर धावत जाऊन हात लावायचा नाही. आपलं माणूस असलं तरी नाही. आधी मेन स्विच.

त्या दिवशी हॉस्टेलवर आल्या आल्या मी माझी खाट खिडकीतल्या कूलरपासून लांब ओढली. रूममेट म्हणाली, "गरमीने मरशील." मी म्हटलं, चालेल.

आमच्या वाट्याला नंदनवनमधले एक काकाजी आले. निवृत्त बस कंडक्टर. बायको काही वर्षांपूर्वी वारली होती, एकुलती एक मुलगी पुण्याला. घर वरच्या मजल्यावर. जिना चढून गेलं की जाळीचं दार, आत लांब गॅलरी, गॅलरीतच लोखंडी घोडीवर खिडकीला लावलेला जुना पत्र्याचा कूलर आणि त्याच्या पुढे खोलीचं दार. खालचे भाडेकरू उन्हाळ्याचे गावी गेलेले.

पहिल्या दिवशी जिना मैत्रीण आधी चढली. मी दोन पायऱ्या मागे. तिने जाळी खडाखडा वाजवली. आतून उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून एक उंच माणूस आला आणि जाळीच्या आतच उभा राहिला.

"कोण पाहिजे?"

मैत्रिणीने कॉलेजचं नाव सांगितलं, कशासाठी आलो ते सांगितलं.

"मले काही नको. मी काही आजारी नाही."

"बस, पाच मिनिट बोलायला आलो काकाजी," ती म्हणाली.

"काहून? तुमच्या घरी बोलाले कोणी नाही का?"

ती गप्प झाली. मी पहिल्यांदाच तिला गप्प झालेली पाहत होते आणि त्या शांततेत त्यांची नजर माझ्यावर आली. त्यांनी विचारलं, "तू कुठची आहे वं?"

मी गावाचं नाव सांगितलं. ते एकदम जाळीच्या जवळ आले.

"फाट्यावर उतरून आत जा लागते तेच ना? पिंपळ आहे फाट्यावर. अजून आहे का पिंपळ?"

"आहे."

"तिथं एक म्हातारी कोंबड्या घेऊन चढे. रोज भांडे माह्याशी."

कडी निघाली. आम्ही आत गेलो. त्यांनी आम्हाला माठातलं पाणी दिलं आणि त्या रस्त्यावरच्या एकेका थांब्याच्या गोष्टी सांगत बसले. कुठल्या गावचे लोक सुट्टे देत नसत, कुठल्या वळणावर पावसात गाडी अडकायची, एका बाईला बसमध्येच कळा सुरू झाल्या तेव्हा यांनी सगळ्या पुरुषांना खाली उतरवून गाडी सरळ दवाखान्यात कशी नेली. बोलायला लागले की थांबतच नव्हते. निघताना मी पाहिलं, कूलरच्या टाकीत रबरी नळी सोडलेली होती आणि कूलर चालूच होता.

"काकाजी, पाणी भरताना प्लग काढत जा," मी म्हटलं. आवाज फार बारीक निघाला.

"वीस उन्हाळे काढले यानं," ते म्हणाले आणि कूलरच्या पत्र्यावर थाप मारली. मी डोळे मिटले. काही झालं नाही. पण ती थाप माझ्या मनातून गेली नाही. पुढच्या प्रत्येक भेटीत मी त्या कूलरपासून शक्य तितकी लांब, भिंतीला चिकटून बसायची.

तीनचार भेटी चांगल्या झाल्या. मला जिना चढताना धडधड व्हायची, पण जाळीपर्यंत गेलं की कमी व्हायची. मग एका दुपारी ते डोक्याला पंचा गुंडाळून बसलेले दिसले. उन्हाळ्यात सगळेच गुंडाळतात, पण यांचा फारच खाली, भुवयांपर्यंत होता. ते पाणी द्यायला वाकले तेव्हा पंचा सरकला आणि कपाळावरची काळीनिळी सूज दिसली.

"काकाजी, कपाळाले काय झालं?"

"भिंत लागली."

"भिंत कशी लागली?"

त्यांनी पंचा पुन्हा खाली ओढला. मग म्हणाले, "चक्कर आली. न्हाणीत पडलो. आता ठीक आहे. कोणाले सांगू नका."

"दवाखान्यात गेले होते?"

"दवाखान्यात गेलो तर ते पोरीले फोन करतील. पोरीले कळलं तर ती घेऊन जाईल मले." आतापर्यंत मोठ्या आवाजात बोलणारा माणूस अगदी हळू बोलत होता. "मी गेलो होतो एकदा तिच्याकडे. बाराव्या मजल्यावर राहते. सकाळी ती अन् जावई जातात, दार आपोआप लागते. खाली पाहिलं तर माणसं मुंगीएवढी. मले वाटे, मी इथं मेलो तर ह्याइले संध्याकाळीच कळेल. लय भेव वाटे वं. इथं कसं, गॅलरीत उभा राहिलो तर कोणी ना कोणी हाक मारते." त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "सांगणार नाही ना?"

मैत्रीण लगेच म्हणाली, "नाही सांगणार काकाजी."

मी काही बोलले नाही. त्यांनी माझ्या न बोलण्याचा अर्थ होकार असा घेतला असावा.

खाली आल्यावर आम्ही स्कूटीजवळ उन्हातच भांडलो. ती म्हणाली, "शब्द दिला आपण. बुढ्ढा माणूस आहे, त्याचं घर आहे, त्याला जिथे राहायचं तिथे राहू दे." मी म्हटलं, पुन्हा पडले तर? ती म्हणाली, "आपण येतो ना बघायला." मी म्हटलं, आपण आठवड्यातून एकदा येतो. बाकीचे दिवस कोण आहे?

मी मॅडमना सांगितलं. असं काही दिसलं तर सांगायचं, हे आम्हाला शिकवलंच होतं, पण मी काही नियम आठवून सांगितलं नाही. डोळे मिटले की न्हाणीघरात पडलेला माणूस दिसत होता आणि पेपर जवळ आलेला असताना मला एक ओळ वाचता येत नव्हती. मॅडमनी ऐकून घेतलं, "बरं केलंस" म्हणाल्या आणि काकाजींच्या मुलीला फोन केला.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा ते जाळीशीच उभे होते, आमची वाटच बघत असल्यासारखे. कडी काढली नाही.

"कोणी सांगितलं?"

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "मी, काकाजी."

"जा आता. येऊ नका."

"काकाजी, तुमची काळजी वाटली म्हणून..."

"पोरगी रडून राहिली फोनवर. पुढच्या महिन्यात घ्याले येते म्हणते. जा."

ते आत गेले आणि खोलीचं दार लावलं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते रागावतील. तरी ठरलेल्या दिवशी जायचं. जाळीबाहेरून हाक मारायची, ठीक आहेत हे बघायचं आणि परत यायचं."

त्यामुळे आम्ही गेलो. तो दिवस इतका तापला होता की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. हवा हलत नव्हती. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांना गॉगल, तरी श्वास घेतला की नाकातून आतपर्यंत चटका बसायचा. मैत्रीण वाटेत म्हणाली, "अरे यार, ते बोलणारच नाहीत. हाक मारू आणि निघू."

जिन्याच्या पायऱ्या ओल्या होत्या. वरून पाण्याची बारीक धार एकेका पायरीवरून खाली येत होती. मैत्रीण म्हणाली, "बघ, गॅलरी धुतली वाटतं," आणि चढत गेली. वर कूलरचा आवाज येत होता, नेहमीचा, खडखडणारा.

जाळी आतून लावलेली होती. खोलीचं दार उघडं होतं. पाणी जाळीखालून बाहेर येत होतं.

"काकाजी!" मैत्रिणीने हाक मारली. उत्तर नाही. "काकाजी, आम्ही आलोय. बोलू नका, फक्त ठीक आहे म्हणा!"

कूलरची खडखड तेवढी.

"गुस्सा आहेत," ती मला म्हणाली. "आत बसून ऐकत असतील. चल ना."

माझंही मन म्हणत होतं, चल. रागावले आहेत, दुसरं काय. पण गॅलरी धुणारा माणूस नळी चालू ठेवून आत जाऊन कशाला बसेल? मी वरच्या पायरीवर धार चुकवून उभी राहिले आणि वाकले. जाळीच्या खालच्या भागातून, कूलरच्या घोडीमागे, मला एक पाऊल दिसलं. अनवाणी. टाच वर, बोटं फरशीला टेकलेली. पाणी त्या पावलाला वळसा घालून वाहत होतं.

मैत्रिणीनेही माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं. "काकाजी!" ती किंचाळली आणि कडी काढायला जाळीकडे झेपावली. मी तिचा दुपट्टा मागून धरला आणि सगळा जोर लावून ओढला. ती पायऱ्यांवर माझ्या अंगावर पडली.

"पागल आहेस का? ते मरतील!"

"करंट," मी म्हटलं. "पाण्यात करंट असेल. जाळी लोखंडी आहे."

तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. आपण दोघी आत्ता कुठे उभ्या होतो, कुठे हात लावणार होतो, हे तिला त्या क्षणी कळलं. माझ्या स्वतःच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. रबरी तळव्याचे बूट होते, पण ओले झाले होते. मला वाटलं, तळव्यांना मुंग्या येताहेत. खरंच येत होत्या की भीतीने, ते आजही सांगता येणार नाही.

आम्ही धडपडत खाली आलो. जिन्याखाली मीटरच्या पेट्या होत्या, चारपाच, सगळ्या धुळीने माखलेल्या. कुठली काकाजींची? काहीच लिहिलेलं नव्हतं. मैत्रीण फोनवर रुग्णवाहिका बोलावत होती, तिला पत्ता नीट सांगता येत नव्हता. मी पहिला खटका खाली पाडला. वरचा आवाज चालू. दुसरा पाडला. चालू. तिसऱ्या पेटीचं झाकण गंजून बसलेलं, निघेना. मी नखांनी ओढत होते आणि मनात एकच गोष्ट चालली होती, की वर तो माणूस पडलेला आहे आणि मी झाकण उघडत बसले आहे. समोरच्या घरातून एक काकू बाहेर आल्या. "काय करून राहिल्या वं? कोणाचा लाईट बंद केला?" मी ओरडून सांगितलं. त्या आत पळाल्या आणि उलथनं घेऊन आल्या. झाकण निघालं. मी खटका पाडला.

वरची खडखड मंदावली. पंखा काही वेळ नुसत्या वेगावर फिरत राहिला, मग कुरकुरला, मग थांबला. इतकी शांतता झाली की पाणी ठिबकल्याचं ऐकू येऊ लागलं.

तरी मला हात लावायचं धाडस होईना. वाटत होतं, चुकून दुसराच खटका पडला असेल तर? कूलर आपणच बंद पडला असेल तर? काकूंनी कपडे वाळत घालायची लाकडी काठी आणून दिली. मी दोन्ही हातांनी ती धरून जाळीतून आत घातली आणि कडीखाली ढकलली. कडी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा उडाली. मैत्रिणीने बुटाने दार ढकललं.

काकाजी कूलर आणि कठड्याच्या मध्ये कुशीवर पडले होते. अर्धं अंग उन्हात, अर्धं पाण्यात. मी काठीने आधी त्यांच्या पाठीला स्पर्श केला. हे सांगायला बरं वाटत नाही, पण तसंच केलं. मग हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं होतं. छाती हलत होती. फार थोडी, पण हलत होती.

आम्ही तिघींनी ओढून त्यांना खोलीत आणलं. मी नळाखाली दुपट्टा धरला आणि हात मागे घेतला. टाकीचं पाणी उन्हाने उकळल्यासारखं झालेलं होतं. माठात पाणी होतं. ते आम्ही दुपट्ट्यांवर ओतलं, मानेला लावलं, काखेत लावलं. काकूंनी घरातून बर्फ आणला. मैत्रीण वर्तमानपत्राने वारा घालत होती आणि मधूनच हुंदका देत होती. मी रडत नव्हते. माझे दात एकमेकांवर आपटत होते, एवढ्या उन्हात.

रुग्णवाहिकेत मी त्यांच्याजवळ बसले. वाटेत त्यांचे डोळे अर्धवट उघडले. ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांना मी दिसत होते असं वाटलं नाही. "पुढं सरका," म्हणाले, "मागं जागा आहे." पुन्हा पुन्हा तेच. मग अचानक माझं मनगट धरलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "पोरीले सांगू नका."

दवाखान्यात त्यांना आत नेलं, मैत्रीण आणि मी बाहेर बाकावर बसलो आणि मग मुलीला फोन करायची वेळ आली. मॅडम निघाल्या होत्या, पण पोचायच्या होत्या. नंबर त्यांनी मला पाठवला. मैत्रीण म्हणाली, "मी करू?" मी म्हटलं, नाही. मी नंबर लावला. पलीकडे एका बाईचा घाईतला आवाज आला. मी कोण ते सांगितलं, आणि पुढचं सांगायच्या आधीच ती म्हणाली, "बाबा गेले का?"

"नाही. नाही ताई. आहेत. श्वास चालू आहे."

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, फोन कट झाला. कानाला लावून बसले तशीच.

काकाजी वाचले. दोन दिवस कुणी खात्रीने काही सांगत नव्हतं, तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, त्यातून पडले. उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याची खूणही आहे. काकूंनी बोलावलेल्या लाईटवाल्याने कूलर तपासला तेव्हा त्याच्या पत्र्यात करंट उतरलेला निघाला. पाणी गॅलरीभर, जाळी त्याच पाण्यात उभी. त्याने हे मैत्रिणीला फोनवर सांगितलं आणि तिने मला. ती पलीकडे नुसती श्वास घेत होती. पुढे कित्येक दिवस ती स्कूटी हळू चालवायची आणि मी त्याबद्दल तिला कधीच छेडलं नाही.

मला मात्र कूलरच्या आवाजाने झोप येईना. हॉस्टेलच्या वऱ्हांड्यात कुणी फरशी पुसली की मी थांबायची, पाणी कुठून आलं ते बघायची, मग पाय टाकायची. मॅडमनी आम्हाला दोघींना बसवून विचारलं, उरलेल्या भेटी दुसऱ्या कुणाला देऊ का? मैत्रीण म्हणाली, नको. मीही नको म्हटलं. काय म्हणून म्हटलं ते ठाऊक नाही. पुढच्या उन्हाळ्यात विषय संपलेला असतानाही मी जात राहिले, दुसऱ्या घरी, एका बाईंकडे, आणि प्रत्येक वेळी हाक मारल्यावर उत्तर येईपर्यंत दाराखालून पाणी येतंय का ते बघायची. अजून बघते.

काकाजींची मुलगी दुसऱ्याच दिवशी आली होती. त्यांना दवाखान्यातून सोडल्यावर ती त्यांना लगेच पुण्याला नेणार होती. आम्ही निरोप द्यायला नंदनवनला गेलो, तेव्हा खाली गाडी उभी होती आणि काकाजी मागच्या सीटवर बसले होते. अंगात धुतलेला सदरा, खूप मोठा वाटणारा. मुलगी वर कुलूप लावत होती. तिने आम्हाला पाहिलं, पायऱ्या उतरून आली आणि काही न बोलता माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचे हात थंड होते.

मी गाडीच्या खिडकीशी गेले.

"बरं वाटते का काकाजी?"

ते समोर बघत राहिले. "तू सांगितलं नसतं, तर मी इथंच असतो."

"बाबा, तिने त्या दिवशी येऊन पाहिलं नसतं, तर तुम्ही कुठंच नसता," मुलगी मागून म्हणाली.

"तेही मले समजते." त्यांनी एका हाताने गाडीच्या दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती. पुण्याच्या त्या उंच घराची भीती त्यांना अजून वाटत होती हे मला दिसत होतं, आणि ती माझ्यामुळे त्यांच्या वाट्याला आली होती. मी केलं ते बरोबर होतं, असं मला सगळ्यांनी सांगितलं आहे. मलाही तसंच वाटतं. पण त्या हाताकडे बघताना कुठलंही बरोबर माझ्या कामी आलं नाही.

मुलगी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. गाडी सुरू झाली तेव्हा काकाजींनी मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"राग आहे मले अजून," ते म्हणाले. "पण पायी नको जाऊ. ऊन आहे. दोघी ऑटोनं जा."

त्या दिवशी मैत्रिणीची स्कूटी दुरुस्तीला होती. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तिने ऑटोला हात केला. हॉस्टेल फार लांब नव्हतं, तरी मी चालत जाऊ म्हटलं नाही. आत बसले आणि दुपट्टा तोंडावर ओढून घेतला.